दाजींची चौकशी

करमाडात जन्मलेल्या माणसाला पुढंमागं गावाचा काका, मामा, तात्या, आबा असं काहीही होता येतं. दाजी व्हायला मात्र बाहेरून यावं लागतं. आमचे दाजी जालन्याकडच्या एका खेड्यातून घरजावई म्हणून आले. सासऱ्यांना मुलगा नव्हता आणि विहिरीला पाणी होतं, ही दोन कारणं तेव्हा लग्नाला पुरली. सुरुवातीला ते फक्त चुलत-मावस मेहुण्यांचे दाजी होते. मग मेहुण्यांच्या दोस्तांचे झाले, मग दोस्तांच्या पोरांचे. आज सरपंच त्यांना दाजी म्हणतात, भाजीवाली म्हणते, नवा तलाठी बदलून आला की दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागतो. हद्द म्हणजे सख्खी नातवंडंसुद्धा गल्लीतल्या पोरांचं ऐकून आजोबांना ‘ओ दाजी’ अशी हाक मारतात.

सातबाऱ्यावर दाजी शेतकरी आहेत. खरा उद्योग सोयरीक जुळवण्याचा. त्याचे पैसे घेत नाहीत. टॉवेल-टोपी, पहिल्या पंगतीत पान आणि मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून नावाचा उल्लेख, एवढ्यावर ते दोन तालुके पालथे घालतात. खिशात खताच्या दुकानानं फुकट दिलेली डायरी असते. तिच्यात उपवर मुलामुलींची माहिती. पूर्वी मुलाच्या नावापुढं ‘कोरडवाहू’ किंवा ‘बागायती’ एवढंच लिहिलेलं असायचं. शेंद्र्याची एमआयडीसी आली आणि ‘पर्मनंट’ किंवा ‘कंत्राटी’ असा रकाना वाढला. पुढं औद्योगिक शहरासाठी जमिनी संपादित झाल्या तेव्हा ‘गेली’ किंवा ‘राहिली’ असा आणखी एक. बांधाच्या अलीकडची जमीन गेली, दारात चारचाकी आली. पलीकडची राहिली आणि पोरगा पस्तिशीला टेकला. मुलीचे बाप हल्ली सांगतात, शेती पाहिजे, पण पोरगा शेतात जाणारा नको. दाजी तेही काही न बोलता लिहून घेतात. देव जसा सगळ्यांचं ऐकतो तसे ते ऐकतात, असं अक्का म्हणजे त्यांची बायको म्हणते, आणि तिच्या बोलण्यात कौतुक नसतं.

तर असा हा माणूस पिच्चर बघतो.

दाजींना हाणामारीचा पिच्चर चालत नाही, भुताचा चालत नाही. त्यांना लागतो घरगुती, प्रेमाचा, थोडा हसवणारा, शेवटी लग्न लागणारा. पडद्यावर पाट्या पडायला लागल्या की दाजी मांडी घालतात आणि समोर स्थळ येऊन बसलंय अशा नजरेनं बघायला लागतात. मुलगा काय करतो? भाऊ किती, वाटण्या झाल्यात का? मुलीची मावशी एवढी का बोलते? ज्या घरात मावशी बोलते तिथं आईचं चालत नाही, हे त्यांचं निरीक्षण. कॅमेरा कुठं लावला, गाणं कुठं चित्रित केलं, नट रडला की नुसता नाक ओढत राहिला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पिच्चर संपल्यावर त्यांचा प्रश्न एकच: “चौकशी केली व्हती का?”

या एका प्रश्नानं त्यांनी भलेभले पाडले आहेत. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 साली आला आणि उभा महाराष्ट्र अजून त्यावर हसतोय. दाजीही हसतात, पण त्यांच्या मते तो विनोदी पिच्चर नाही, इशारा आहे. चौकशी न करता खोली भाड्यानं दिली की काय होतं ते बघा, असं ते शहरात प्लॉट घेतलेल्या माणसांना सांगतात. ‘दिलवाले दुल्हनिया’ची त्यांना चीड आहे. पोराकडं शिक्षण नाही, नापास झालेला आहे, आणि त्याचा बाप त्याला रागवायचं सोडून नापास झाल्याबद्दल त्याचं कौतुक करतो. अशा घरी पोरगी द्यायची नाही म्हणणारा बाप खलनायक कसा काय? हात सोडून आगगाडीत चढू देण्याचा तो शेवटचा प्रसंग आला की शेंद्र्याला जाणारी पोरं शिट्ट्या मारतात. दाजी म्हणतात, “गाडी करमाडला थांबली असती तर मी उतरवून घेतली असती पोरीला.”

2010 साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला. मुक्ता बर्वे आणि स्वप्निल जोशी दिवसभर पुण्यात हिंडतात, बोलतात, भांडतात, आणि एकमेकांना नावसुद्धा सांगत नाहीत. माझ्या भाच्यानं मोठ्या हौसेनं दाजींना तो दाखवला. पोराला वाटलं, यात सासू नाही, मानपान नाही, हुंडा नाही, दाजींना काढायला चूकच मिळणार नाही. दाजींनी शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, “नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. आरं, जनावर घेताना तरी बाजाराची पावती बघतेत.” पाच वर्षांनी दुसरा भाग आला, त्यात दोन्हीकडची घरं, वडीलधारी, लग्नाची तयारी, सगळं आलं. भाचा म्हणाला, आता तरी झालं ना मनासारखं? दाजी म्हणाले, “आता झालं. पर पहिल्याच भागात चौकशी केली असती तर दुसऱ्याचं तिकीट वाचलं असतं.”

हे सगळे मात्र किरकोळ खटले. दाजींचा आयुष्यभराचा खटला एकच, ‘हम आपके हैं कौन’.

5 ऑगस्ट 1994 ला हा पिच्चर मुंबईत लिबर्टीला लागला आणि तिथं शंभर आठवड्यांच्या वर चालला. आमच्याकडं पोचायला थोडा वेळ लागला. दाजी तेव्हा नवे जावई. सासुरवाडीची सगळी बायकामाणसं आणि पोरं एका टेम्पोत घालून त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादला नेली. टॉकीज कोणती यावरून आजही घरात वाद आहे. दाजी अंबा-अप्सरा म्हणतात, अक्का अंजली म्हणते, आणि दोघांनाही मध्यंतरातल्या वड्याची चव सारखीच आठवते. पिच्चर तीन तासांच्या वर. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी आत येऊन उभ्यानं बघत राहिला. परत येताना चिकलठाण्यापर्यंत बायका गाणी म्हणत होत्या आणि पुढं त्यांच्यात भांडण सुरू झालं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

ज्यानं पिच्चर पाहिला नाही असा माणूस मराठी मुलखात सापडणं कठीण, तरी मुद्दा सांगतो. राजेशचं लग्न पूजाशी होतं. राजेशचा धाकटा भाऊ प्रेम आणि पूजाची धाकटी बहीण निशा यांचं आपसात जमतं, पण घरात कुणाला सांगितलेलं नसतं. पूजाला बाळ होतं आणि मग ती जिन्यावरून पडून जाते. बाळाचं काय, म्हणून वडीलधारी ठरवतात की निशाला राजेशला द्यायची. निशाला वाटतं आपलं लग्न प्रेमशी ठरलंय. पत्रिका बघते तेव्हा तिला कळतं. दोघंही गप्प बसतात. शेवटी टफी नावाचं कुत्रं निशाची चिठ्ठी प्रेमकडं नेण्याऐवजी राजेशच्या हातात देतं आणि सगळं सुरळीत होतं.

दाजींचा सवाल असा: वडीलधाऱ्यांचं काय चुकलं?

शहरात हा सवाल हास्यास्पद वाटेल. करमाडच्या हॉटेलात कुणी हसत नाही, कारण ज्या घरात बायको गेली आणि मागं तान्हं लेकरू राहिलं, तिथं धाकटी मेहुणी देण्याची रीत आमच्या भागानं पाहिलेली आहे. लेकराला सावत्र आई नको, मावशी बरी, हा हिशेब. दाजी तोच मांडतात. “पोरगा बघितलेला. घर बघितलेलं. लेकरू आपलंच. याच्याइतकी चौकशी झालेलं स्थळ अख्ख्या हिंदी पिच्चरमधी दुसरं दाखवा. अन् ते मोडलं कुणी? कुत्र्यानं!” कुत्र्याचा त्यांना मनापासून राग आहे. टीव्हीवर टफी दिसला की ते मान फिरवतात.

हा पिच्चर वर्षातून कितीदा तरी टीव्हीवर लागतो. रविवारी दुपारी जालना रोडच्या हॉटेलातल्या टीव्हीवर लागला की कोर्ट भरतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि तेलकट झालेला टीव्ही. तिथं सुट्टीवरची कंपनीतली पोरं असतात, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर असतात, हिंदीचे गुरुजी असतात आणि मालक भजी तळता तळता आपलं मत देतो.

कंपनीतल्या पोरांचं मत साधं. तोंड उघडायला तीन तास लागत असतील तर सलमानचं नुकसान झालं असतं तरी चाललं असतं. एका पोरानं तर सरळ सांगितलं, “आमच्यात एक मेसेज टाकला की पाच मिनिटांत हो-नाही कळतं.” त्यावर दाजींनी डायरी उघडली, त्याचं नाव काढलं आणि विचारलं, “तुला किती जणींचं हो आलं रं?” पोरगं भजी घ्यायला उठलं.

कंडक्टरांची तक्रार गाण्यांची. चौदा गाणी, म्हणजे चौदा थांबे. विनाथांबा तिकिटाचे पैसे घेऊन दर फाट्यावर गाडी उभी करायची, हे त्यांना पटत नाही. मालकाला फक्त लल्लू आवडतो. लक्ष्मीकांत बेर्डेंचा तो नोकर. “अख्ख्या पिच्चरमधी काम करणारा हा एकच मानूस,” मालक झाऱ्या हलवत म्हणतो, “बाकी सगळे नाचायलेत. कारखाना कोण बघतंय?” मला स्वतःला हे त्या पिच्चरवरचं सगळ्यात बिनतोड परीक्षण वाटतं.

गुरुजी माहिती पुरवतात. सुरुवातीला चित्रपटधंद्यातल्या कित्येक जाणत्यांनी या पिच्चरला ‘लग्नाची कॅसेट’ म्हणून नाकं मुरडली होती, हे त्यांनी एकदा सांगितलं. दाजींना त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे तेच कळेना. लग्नाची कॅसेट म्हणजे त्यांच्या धंद्यातला अव्वल पुरावा. कोण रुसलंय, कुणाला मागं बसवलंय, नवरदेवाचा चुलता कुणाशी बोलत नाही, हे सगळं कॅसेटीत दिसतं. मोठ्या मुलीच्या लग्नाची कॅसेट बघूनच ते धाकटीचं स्थळ पुढं नेतात. त्यामुळं पिच्चरला मिळालेली ही शिवी त्यांनी प्रशस्तिपत्र म्हणून लावून धरली. चित्रकार हुसेन यांनी हा पिच्चर पुन्हापुन्हा पाहिला आणि पुढं माधुरीला घेऊन ‘गजगामिनी’ काढला, हेही गुरुजींनीच सांगितलं. दाजी म्हणाले, “एवढा मोठा मानूस इतक्यांदा बघतो अन् वडीलधाऱ्यांची चूक त्यालाही सापडली नाही, बघा.” हुसेन वडीलधाऱ्यांकडं बघत नव्हते हे त्यांना सांगायची हिंमत कुणी केली नाही.

एक तक्रार मात्र दाजींचीही आहे. माधुरी आपली, रेणुका शहाणे आपली, रीमाताई लागू आपल्या, लक्ष्या आपला, संगीत देणारे रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, तेही आपलेच. “अर्धं वऱ्हाड आपलं, अन् पंगतीत एकदाबी बुंदी दिसली नाही.” शिवाय नवरदेवाचे जोडे पळवून पैसे मागायचं खूळ आमच्याकडं याच पिच्चरनं आणलं, असं ते ठामपणे सांगतात. आमची आपली कानपिळी होती. मुलीचा भाऊ कान पिळायचा, टॉवेल-टोपी घ्यायचा, मोकळा व्हायचा. आता करवल्या जोडे घेऊन पळतात, रकमेवरून घासाघीस होते, आणि ती मिटवायला मध्यस्थ म्हणून पुन्हा दाजीच. एका लग्नात नवरदेवाचे जोडे राहिले बाजूला आणि दाजींच्याच चपला गेल्या. त्या अजून मिळालेल्या नाहीत. तिथून या पिच्चरच्या संगीताबद्दल त्यांचं मत जरा खाली आलं.

दाजींना खरा धक्का दिला तो गुरुजींनी. हा पिच्चर म्हणजे राजश्रीवाल्यांनी आपल्याच 1982 सालच्या ‘नदिया के पार’ची शहरी आवृत्ती काढलेली, आणि ‘नदिया के पार’ निघाला केशवप्रसाद मिश्र यांच्या ‘कोहबर की शर्त’ या कादंबरीवरून, असं एका रविवारी गुरुजी बोलून गेले. पिच्चरवाल्यांनी निम्मीच गोष्ट घेतली आणि शेवट गोड केला. मूळ कादंबरीत त्या मुलीचं लग्न मोठ्या भावाशीच लागतं.

दाजी बाकड्यावरून उठले. म्हणजे लेखक आपल्या बाजूचा! इतकी वर्षं आपण जे ओरडतोय ते छापून आलेलं आहे! त्यांनी सगळ्यांना आपल्या खर्चानं चहा सांगितला, ही करमाडच्या इतिहासातली नोंद घेण्यासारखी घटना. चहा आला, पिऊन झाला, आणि मग त्यांनी विचारलं, “अन् गुरुजी, पुढं काय व्हतं?” गुरुजी म्हणाले, पुढं सगळं शोकान्त आहे. कुणालाच सुख लागत नाही. दाजींनी चहाचे पैसे दिले आणि घरी गेले. पुढचे दोन रविवार कोर्टाला तारीख पडली.

अक्काचं मत अजून सांगितलं नाही, कारण ते फार लहान आहे. टेम्पोत चिकलठाण्याच्या पुढं बायकांचं जे भांडण लागलं ते तिनंच लावलं होतं. थोरल्या बायका म्हणत होत्या, लेकरासाठी करावं लागतं. अक्का एवढंच म्हणाली, “तिला विचारलं का कुणी?” दाजींची चौकशी मुलाची, घराची, जमिनीची, पाण्याची, थेट चुलत्याच्या दारूपर्यंत जाते. अक्काची चौकशी या एका प्रश्नाशी येऊन थांबते, आणि गंमत अशी की इतक्या वर्षांत दाजींना त्यावर उत्तर सुचलेलं नाही. ते फक्त म्हणतात, “पिच्चरमधी सगळंच दाखवत बसले तर सकाळ व्हईल.”

आता जे सांगतो ते दाजींनी कुणाला सांगितलेलं नाही. अक्कानं माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे निम्म्या गावाला माहीत आहे.

मधल्या काळात पैठणकडच्या एका घरातून दाजींना बोलावणं आलं. थोरली मुलगी आजारानं गेली होती, मागं लहान लेकरू. जावई चांगला, पर्मनंट, निर्व्यसनी. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी धाकटीला तिथंच द्यायचं ठरवलं होतं. धाकटी नर्सिंग शिकत होती. दाजींनी फक्त मधे बसायचं, देण्याघेण्याचं बोलायचं आणि तारीख काढायची. म्हणजे हुबेहूब त्यांचा पिच्चर. ज्या स्थळासाठी त्यांनी सगळ्या हॉटेलाशी भांडण घेतलं ते हात जोडून दारात उभं होतं.

दाजी गेले ते अक्काला घेऊन. यादी करायला बाई लागते, असं कारण सांगितलं. बैठकीत पाणी झालं, चहा झाला, पंचांग निघालं. दाजी म्हणाले, जरा थांबा. अक्का आत गेली. चुलीजवळ त्या पोरीशी काय बोलली कुणास ठाऊक, बाहेर आली आणि दाजींकडं बघून तिनं फक्त पदर सारखा केला. दाजींनी पंचांग हातात घेतलं, बोटं मोजली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की योग नाही. यंदाही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. ज्या माणसाला एकादशी कधी आहे हे बायकोला विचारावं लागतं, त्यानं भरल्या बैठकीत दोन वर्षांचे ग्रह फिरवले. वर शब्द दिला की जावयाला दुसरं स्थळ मी आणतो. आणलंही. वैजापूरकडची एक बाई, नवरा अपघातात गेलेला, पदरात तिचंही एक लेकरू. आता दोन लेकरं एकाच घरात वाढताहेत.

हे कळल्यावर एका रविवारी मी मुद्दाम हॉटेलात गेलो. टीव्हीवर तोच पिच्चर, टफीनं चिठ्ठी तोंडात धरलेली, आणि दाजींनी नेहमीसारखी मान फिरवलेली. वडीलधाऱ्यांचं चुकलं नाही, कुत्र्यानं घात केला, हे भाषण चालू होतं. मी हळूच विचारलं, दाजी, मग पैठणचं काय?

दाजींनी भजं अर्ध्यावर खाली ठेवलं. “तुला कुणी सांगितलं?” म्हणाले. मग स्वतःच उमजले आणि घराच्या दिशेनं एक नजर टाकली. “त्या पिच्चरमधल्या पोरीला सलमान व्हता,” दाजी म्हणाले. “हिला कोण व्हतं? घरात कुत्रंबी नव्हतं.” आणि पुन्हा आवाज चढवून कंडक्टरांना सांगायला लागले, की राजेशसारखा मुलगा आज दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

त्या दुसऱ्या लग्नात दाजींना टॉवेल-टोपी मिळाली आणि चपलाही जागेवर राहिल्या. नर्सिंगवाल्या मुलीचं शिक्षण पुरं झालं, ती जालन्याला एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिचं नाव आता डायरीत आहे. तुमच्या पाहण्यात कुणी असेल तर करमाडला येऊन जा. जालना रोडवर उतरून दाजी कुठं राहतात म्हणून कुणालाही विचारलं तरी चालेल. मुलगा पर्मनंट हवा, ही दाजींची अट. आणि बैठक ठरवायच्या आधी मुलीला फोन करून विचारायचं, ही अक्काची.